गेल्या वर्षीचा वारा

४ नोव्हेंबर

आज संध्याकाळी अख्खी कॉलनी मैदानात माना वर करून उभी होती. मी यंत्र झाकून, गॅसच्या शेडला कुलूप घालून घरी निघालो होतो, तर वाटेत बायका, पोरं, ड्यूटी संपवून आलेले शिपाई, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. कोठारांवरच्या स्टोअरकीपरने माझा दंड धरला. बावीस वर्षांचा शेजारी आहे, त्यामुळे जरा जास्तच सलगी करतो. म्हणाला, ते बघ, दारूगोळ्याच्या कोठारांवर, पांढरा दिवा, कसा सावकाश चढतोय. मी बघितलं आणि म्हटलं, हो, आहे खरा. तो म्हणाला, आता डावीकडे सरकला. मी म्हटलं, सरकला. खरं सांगायचं तर चष्म्यावर धूळ होती आणि पुढच्या माणसाचं डोकं नेमकं आड येत होतं. पण शंभर माणसांना दिसतोय म्हणजे असणारच.

तू सोडलेला फुगा तर नाही ना रे, असंही त्याने विचारलं. मला रागच आला. एकतीस वर्षं मी या छावणीत हवामान निरीक्षक आहे. रोज संध्याकाळी साडेसातला गॅस भरलेला एक फुगा सोडायचा, त्याच्याखाली बोराएवढा बल्ब बांधायचा, आणि दुर्बिणीतून तो बल्ब दिसतो तोवर दर मिनिटाला आकडे लिहायचे: किती वर गेला, कुठल्या दिशेला गेला. त्यावरून वरच्या हवेतला वारा कळतो. तो तोफखान्याला लागतो, विमानांना लागतो. आजचा वारा उत्तरेचा, म्हणजे फुगा गेला दक्षिणेला. कोठारं आहेत उत्तरेला. त्याला म्हटलं, माझा फुगा वाऱ्याच्या तोंडावर चढत जायला काय त्याला पाय आहेत?

ही वही लेकीने दिलेली. निवृत्त झाल्यावर आठवणी लिहा बाबा, म्हणाली होती. निवृत्तीला सात महिने आहेत, पण म्हटलं हात बसवावा. ऑफिसच्या रजिस्टरात आकड्यांखेरीज अक्षर लिहिण्याची सोय नाही.

६ नोव्हेंबर

काल रात्री नव्या पलटणीतल्या एका पहारेकऱ्याने दिव्यावर दोन गोळ्या झाडल्या. पलटण येऊन महिना झाला नाही, त्यांना इथली झाडंसुद्धा ओळखीची नाहीत. दिवा काही पडला नाही. कोठारांच्या भिंतीला मात्र एक भोक पडलं. स्टोअरकीपर सकाळपासून ते भोक सगळ्यांना दाखवत फिरतोय, जणू त्यानेच पाडलं.

दुपारी चौकशी करायला वरून एक मेजर आले. वय पस्तिशीचं. आवाज इतका हळू की समोरचा आपोआप पुढे झुकतो. मी मनातल्या मनात त्यांचं नाव पट्टी ठेवलंय, कारण खिशात लाकडी पट्टी असते आणि बोलताना ते कागदावर उगीच सरळ रेघा मारत असतात.

पहिला प्रश्न फुग्याचाच विचारला. मी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यांनी गेल्या तीन दिवसांचे आकडे पट्टीने नकाशावर मांडले आणि बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, म्हणजे दिवा वाऱ्याच्या विरुद्ध जातोय. मी म्हटलं, रजिस्टर तसं म्हणतंय. त्यांनी विचारलं, आकड्यांत चूक? मी म्हटलं, साहेब, एकतीस वर्षांत एक ताशेरा नाही.

बाहेर पडलो तेव्हा छाती दोन बोटं वर आली होती. इतकी वर्षं त्या रजिस्टरावर लोकांनी चहाचे कप ठेवले. आज तो पुरावा झाला.

९ नोव्हेंबर

फाटक बंद. चौकशी संपेपर्यंत छावणीतून कोणी बाहेर जायचं नाही, बाहेरचा कोणी आत यायचा नाही. सामानाची गाडी येते, ती फाटकावरच रिकामी करून परत जाते. फोन एक्स्चेंजमधूनच, आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं, आणि ऑपरेटर ऐकत बसलेला.

हिची बॅग भरून पलंगाखाली तयार आहे. वीस तारखेला निघायचं होतं. लेकीला आठवा महिना सुरू आहे. मागच्या खेपेला सातव्यातच सगळं आटोपलं आणि पोरगी वर्षभर धड हसली नाही. या वेळी डॉक्टरांनी अंथरुणावरून उठायचं नाही असं सांगितलंय. जावई दिवसभर कामावर, सासू नाही. आई हवी, असं ती दर फोनला म्हणते. मी हिला म्हटलं, अगं, चार दिवसांत संपेल चौकशी. मेजर हुशार माणूस आहे. ही बॅगेतले कपडे बाहेर काढून पुन्हा घड्या घालत बसली.

१३ नोव्हेंबर

माझ्या कुंपणाला सील लागलं. फुगा सोडायची जागा आता पुराव्याची जागा, तेव्हा मी सोडून आत कोणी पाऊल टाकायचं नाही. नाहीतरी कोण येत होतं? मदतनिसाची जागा दीड वर्ष रिकामी आहे. पूर्वी तो मिनिटं मोजायचा, मी आकडे सांगायचो, तो लिहायचा. आता सगळं एकट्याने.

इथे लिहून ठेवतो, कारण इथे कोणी वाचणार नाही. हल्ली दुर्बीण धड राहिलेली नाही. बल्ब पहिल्या मिनिटाला दिसतो न दिसतो, मग नुसता दुधासारखा पांढरेपणा. भिंगात ओल धरली असणार. दुरुस्तीचा अर्ज करायचा तर यंत्राबरोबर निरीक्षकाच्याही डोळ्यांची तपासणी होते, तसा नियमच आहे. आणि तपासणीत कोणी काही खुसपट काढलं तर महिन्याभरात क्वार्टर खाली करा म्हणतील. सात महिन्यांसाठी कोण ती कटकट मागे लावून घेणार? म्हणून उन्हाळ्यापासून मी गेल्या वर्षीच्या रजिस्टराची मदत घेतो. त्याच तारखेचं पान काढायचं, आकडे थोडे इकडेतिकडे करायचे. वारा काय नवा असतो? दरवर्षी त्याच महिन्यात त्याच वाटेने येतो. मला तो पायाच्या करंगळीला कळतो. याला कोणी खोटं म्हणेल तर म्हणो. मी याला अनुभव म्हणतो.

ही म्हणाली, वहीत दोन ओळी एकीवर एक लिहिल्या आहेत. म्हणजे वही उघडून बघितली. वाचली का, विचारलं, तर म्हणाली, वाचता येईल असं लिहाल तर वाचेन.

१७ नोव्हेंबर

आज माझी साक्ष. जाणकार साक्षीदार म्हणून. मेजरनी टंकलेखकाला समोर बसवलं आणि विचारलं, तुम्ही स्वतः दिवा पाहिलात? आता काय सांगू? शंभर माणसांसमोर मी मान वर करून उभा होतो. म्हटलं, पाहिला. रंग? स्टोअरकीपर पांढरा म्हणाला होता, पण शिपाई काय म्हणाले असतील कोण जाणे. मी म्हटलं, पांढरा, किंचित तांबूस छटा. टंकलेखकाने तांबूस छटा टाइप केली. आकार? म्हटलं, स्थिर, पण मधेच थरथरतो.

संध्याकाळी ऐकतो तर सगळ्या कॉलनीला दिवा तांबूस दिसायला लागलाय. शिपायांच्या नव्या जबान्यांतही थरथर आली. स्टोअरकीपर मला सांगतो, अरे, पहिल्या दिवशी माझं लक्ष नव्हतं, पण तांबूसच आहे. मला थोडं कसंतरी झालं. पण म्हटलं, एवढी माणसं सांगतायत तर असेलही.

२० नोव्हेंबर

हिची निघायची तारीख. ही सकाळी अंघोळ करून, प्रवासाची साडी नेसून खुर्चीत बसली. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, काही नाही, सवय. दुपारी साडी बदलली.

फोन लागला. लेक म्हणाली, पाय सुजलेत आणि भिंतीवरच्या पंख्याकडे बघून बघून वेड लागायची पाळी आलीय. आई कधी येणार? ऑपरेटर मधेच खाकरला. येण्याजाण्याबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे म्हणे. ही तीन मिनिटं नुसती हं, हं करत राहिली. परत येताना वाटेत ती माझ्यापुढे चालत होती. एरवी ती माझा हात धरून चालते, हल्ली रस्त्यात खड्डे फार म्हणून. आज धरला नाही, तर मी दोनदा ठेचकाळलो.

या लष्करी लोकांचा संताप येतो. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा सगळा कारभार.

२३ नोव्हेंबर

मेजरनी हुकूम दिला: वाऱ्याचा आणि दिव्याचा ताळा घ्यायचा म्हणून एकाऐवजी रोज चार फुगे सोडा. सात, आठ, नऊ, दहा. माझ्या गुडघ्यांचं कोणाला काय पडलंय?

आणि काय झालं असेल? आज चार दिवे दिसले. सात वाजून दहा मिनिटांनी पहिला, मग आठ वाजून दहा मिनिटांनी दुसरा, असे ओळीने. चारही कोठारांवरून. मेजरच्या खोलीत दहानंतरही दिवा जळत होता म्हणे. स्टोअरकीपर म्हणतो, तुझे फुगे बघायला येतात की काय ते? तो थट्टा करतोय, पण मला हे पटतंय. जो कोणी वर आहे त्याला माझं वेळापत्रक कळलेलं आहे. उद्या मेजरना सांगणार.

२४ नोव्हेंबर

मेजरना सांगायला गेलो नाही.

सकाळी शर्ट घालून निघालो तर ही दारात आडवी उभी राहिली. म्हणाली, बसा. मी म्हटलं, उशीर होतोय. म्हणाली, एकतीस वर्षं वेळेवर गेलात, आज बसा. मग तिने जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण माझ्या डोक्यातून ते जात नाहीये.

ती म्हणाली, "मी रोज मागच्या खिडकीतून तुमचा बल्ब बघते. लग्न झाल्यापासून बघते. तो शेवरीच्या झाडापलीकडे गेला की मी ताटं घेते, कारण मग तुम्ही यायची वेळ झालेली असते. या वर्षी तो शेवरीकडे जातच नाही. महिना झाला, तो कोठारांवरून जातोय. काल चार गेले. मी चार मोजले."

मी म्हटलं, अगं, वारा उत्तरेचा आहे.

"तो गेल्या वर्षीचा. या वर्षी वारा लवकर फिरलाय. माझे वाळत घातलेले कपडे रोज उत्तरेकडे उडतात, आणि तुम्ही दक्षिण लिहिता. तुम्हाला दिसत नाही. तुम्हाला पाडव्याचा चंद्र सोडा, पुनवेचासुद्धा धड दिसत नाही. मी एप्रिलपासून तुमच्या ताटात मीठ डावीकडे ठेवतेय, तुम्हाला चाचपडायला लागू नये म्हणून."

मी चिडलो. खूप बोललो. कपडे वाळत घालणारीने मला वारा शिकवू नये, असंही बोललो. ती ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय सगळा, आणि त्या वळशात माझी लेक एकटी पडलीय.

मी दिवसभर शेडमध्ये बसून होतो. बल्बची पेटी उघडून एक बल्ब पेटवला, हातभर लांब धरला. गोळा दिसला, कडा नसलेला. आणखी थोडा लांब खुंटीला अडकवला आणि मागे सरकत गेलो. सहा पावलांवर नाहीसा झाला. दुर्बीण ठणठणीत आहे. भिंगात ओल वगैरे काही नाही. मी हे उन्हाळ्यापासून जाणतो, पण मनातल्या मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

मला भीती वाटतेय. लहान मुलासारखी.

२५ नोव्हेंबर

झोप नाही. इकडे आड, तिकडे विहीर. सांगावं तर नोकरी गेली, क्वार्टर गेलं, एकतीस वर्षांच्या नावाला काळं फासलं, आणि वर तोफखान्याने सहा महिने माझ्या खोट्या वाऱ्यावर नेम धरला त्याची शिक्षा वेगळीच. न सांगावं तर फाटक बंद. फाटकाला कुलूप पहारेकऱ्याने नाही लावलं, मी लावलं. रोज साडेसातला मी ते पुन्हा लावतो, आता तर चारदा.

चार फुगे सोडले. चार दिवे दिसले, असं ऐकलं.

२६ नोव्हेंबर

सांगून टाकलं.

मेजरच्या खोलीत गेलो, टंकलेखकाला बाहेर पाठवा म्हटलं, आणि सगळं ओकलो. दिवे म्हणजे माझेच फुगे. आकडे गेल्या वर्षीचे. डोळे गेलेत. मी दिवा एकदाही पाहिलेला नाही. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी पट्टी टेबलावर ठेवली.

मग म्हणाले, "पहिला अहवाल गेल्या मंगळवारी वर गेला. त्यावर माझ्या वरच्यांच्या तीन सह्या आहेत. त्या अहवालावरून दोन तोफा हलल्या आणि एक नवी कचेरी उघडली. बेचाळीस साक्षीदार चुकू शकतात. रजिस्टर चुकत नाही. ते चुकतं असं लिहायचं तर आधी मला लिहावं लागेल की मी ते तपासलं नाही."

मी म्हटलं, साहेब, उद्या कुंपणात येऊन नुसतं उभं राहा, साध्या डोळ्यांनी दिसेल.

म्हणाले, म्हणूनच मी येणार नाही.

पुढे ते माझ्या तब्येतीबद्दल बोलले. चार चार फेऱ्यांनी मी दमलोय. दमलेला माणूस वाटेल ते बोलतो, ते कोणी मनावर घेत नाही. मग म्हणाले की साक्षीदारांच्या कुटुंबीयांना पास द्यायचा अधिकार त्यांना आहे. माझ्या जबानीची शेवटची प्रत शुक्रवारी तयार होईल. ती सही होऊन आली की तो पासाचा कागदही ते बघतील. एवढं हळू आवाजात बोलले की मी सवयीने पुढे झुकलो होतो.

म्हणजे सत्य सांगायला गेलो, तर ते ठेवायला कोणाकडे जागाच नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मला हायसं वाटलं, हेही खरं. तेवढ्याचीच लाज जास्त वाटली.

२८ नोव्हेंबर

हिला आज सांगितलं. दोन दिवस गिळून बसलो होतो. म्हटलं, सही केली तर तुला पास मिळेल, पण मग ते कायमचं खरं होईल. स्टोअरकीपरला परवा तीन तास बसवून ठेवला होता, दिवा तुझ्याच कोठारावर का येतो म्हणून. उद्या कोणाला बसवतील सांगता येत नाही. मी म्हटलं, माझ्याच्याने सही होणार नाही. आयुष्यात एकदा तरी ताठ उभा राहीन म्हणतो.

मला वाटलं होतं, ही म्हणेल, शाबास. हिचे वडील तत्त्वाचे म्हणून प्रसिद्ध होते.

ती म्हणाली, "सहा महिने तुम्ही स्वतःसाठी खोटं लिहिलंत. एक दिवस माझ्यासाठी लिहा."

ती पुढे म्हणाली, "तुमचा ताठपणा लेकीच्या उशाशी बसून तिला पाणी देणार नाही." आणि मग रडली. मला तिचं रडणं दिसलं नाही, ऐकू आलं. किती दिवस ती अशीच समोर बसून रडत असेल आणि मी चहा पीत असेन, हे मनात आलं आणि माझाही बांध फुटला. दोघं म्हातारी, दिवसाढवळ्या, स्वयंपाकघराच्या जमिनीवर.

२९ नोव्हेंबर

सही केली.

पास कुटुंबीयाने समक्ष घ्यायचा असतो, म्हणून ही बरोबर होती. मेजरनी जबानी वाचून दाखवली. तांबूस छटा, थरथर, वाऱ्याच्या विरुद्ध दिशा, आकडे अचूक असल्याची खात्री. सगळं शुद्ध भाषेत. माझ्या हयातीत मी इतकं चांगलं कधी बोललो नाही. कागद पुढे आला. मी पेन घेतलं आणि वाकलो. पांढऱ्यावर पांढरं. सहीची रेघ कुठे आहे ते कळेना. मी उगीच चष्मा पुसला. पुन्हा वाकलो. खोलीत कोणी हलत नव्हतं.

तेव्हा हिने माझं बोट धरलं आणि नेऊन रेघेवर टेकवलं. मेजरच्या डोळ्यांदेखत. लपवायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. मी बोटाच्या बाजूने सही ओढली.

मेजरनी कागद उचलला, शाईवर फुंकर मारली, आणि म्हणाले, तारीख मी टाकतो. पास हिच्या हातात दिला. दाराशी येऊन त्यांनी मला पायरीची आठवण करून दिली. त्यांची आई असेलच कुठेतरी, असं मनात आलं. माणूस वाईट नाही. हेच जास्त भीतीदायक आहे.

३० नोव्हेंबर

ही गेली. सकाळी सातला जीप आली. माझे शर्ट कुठे आहेत, गोळ्या कुठल्या डब्यात, मिठाचा डबा कुठला, साखरेचा कुठला, सगळं माझा हात धरून तिने घरभर फिरवून दाखवलं. साखरेच्या डब्याला दोरा बांधलाय. फाटकापर्यंत सोबत गेलो. ती म्हणाली, वेळेवर जेवा. मी म्हटलं, पोरीला सांग, बाबा कामात आहेत. तिने माझी कॉलर नीट केली आणि जीपमध्ये बसली.

फाटक उघडल्याचा आवाज आला. मी हात हलवत राहिलो. बराच वेळ हलवला. मग पहारेकरी जवळ येऊन म्हणाला, काका, गाडी दुसऱ्या बाजूने गेली, केव्हाच. त्याने माझं तोंड घराकडे करून दिलं. फाटक बंद झालं.

४ डिसेंबर

मेजरनी मदतीला एक लिपिक दिलाय. बिनबोभाट काम करणारा माणूस. फुगा सोडायच्या वेळी तो कुंपणाबाहेर पाठ फिरवून बसतो, आणि मी ऑफिसात परतल्यावर मला गेल्या वर्षीचं रजिस्टर वाचून दाखवतो. मी आकडे थोडे इकडेतिकडे करायला सांगितले तर म्हणाला, साहेबांनी सांगितलंय, फार इकडेतिकडे नको, जुळत राहिले पाहिजेत.

स्टोअरकीपरची बदली झाली. जाताना भेटायला आला नाही. त्याने माझ्यावर संशय घ्यावा असं काही नाही, पण बावीस वर्षांचा शेजारी होता. मी त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. आत सामान बांधल्याचे आवाज येत होते. दार वाजवून काय सांगणार होतो?

११ डिसेंबर

सकाळी लिपिकाने एक पत्र वाचून दाखवलं. चौकशीला महत्त्वाचा साक्षीदार म्हणून माझी सेवा चौकशी संपेपर्यंत वाढवण्यात आली आहे. क्वार्टर तेच. डोळ्यांच्या तपासणीतून सूट. सहा महिने ज्या दोन गोष्टी जाऊ नयेत म्हणून मी खोटं लिहिलं, त्या आता कोणी घेऊच शकत नाही. चौकशी कधी संपेल, विचारलं. लिपिक म्हणाला, दिवे दिसायचे थांबले की संपेल. मी म्हटलं, मग एक दिवस फुगे सोडत नाही. तो म्हणाला, वेळापत्रक वरून आलंय, काका, मोडता येणार नाही.

दुपारी एक्स्चेंजमधून बोलावणं आलं. हिचा फोन होता. पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप. लेक थकून झोपलीय, पण झोपेतही हसतेय म्हणाली. ऑपरेटरने स्टूल पुढे सरकवलं. भला माणूस आहे. मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं, चिरकं, हट्टी. मी रिसीव्हर इतका घट्ट धरला की कान दुखायला लागला. म्हटलं, रडू दे, थांबवू नकोस. पाच मिनिटांतली दोन मिनिटं आम्ही तेच ऐकलं.

मग मी म्हटलं, "निवृत्त झालो की लगेच नातीला बघायला येतो."

तिकडे बाळाचं रडणं थांबलं. मला वाटलं, फोन तुटला.

मग ही म्हणाली, "या. मी तुमच्या हातात देईन तिला."

पत्राचं मी काही बोललो नाही. ऑपरेटर म्हणाला, वेळ झाली. मी फोन ठेवला आणि सातच्या फुग्यासाठी गॅस भरायला गेलो.